चौऱ्याऐंशी नंबरची नळी

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगते. त्या दिवशीही मी चिडलेलीच होते, आणि भोगलं ताईने.

आमच्या लॅबमध्ये अंडाशयाच्या कॅन्सरची नवी रक्ततपासणी सुरू व्हायची होती. पेशंटसाठी वापरण्याआधी ती पारखून घ्यावी लागते. त्यासाठी एकशेवीस धडधाकट बायकांचं रक्त घ्यायचं आणि निरोगी बाईचा आकडा कुठवर जातो ते बघायचं. नळ्यांवर नुसते नंबर, तेही मॅडम नंतर चिकटवायच्या. नावांची यादी बंद पाकिटात, त्यांच्या, म्हणजे लॅबच्या प्रमुखांच्या, कपाटात.

बायका मिळता मिळेनात. शेवटी मी ताईला ओढून आणलं. ताई शिवणकाम करते, सकाळी मशीनवर बसली की दुपारीच उठते. "माझ्या अंगात रक्त उरलंय का ते तरी बघ," म्हणाली. सुई टोचली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते.

"झालं पण? तुझा हात हलका आहे गं," ती म्हणाली. मग बाही खाली करता करता, "काही निघालं तर सांगशील ना?"

"तुला काय धाड भरलीय?" मी म्हटलं.

बाकी सगळ्यांचे आकडे पस्तिसाच्या आत आले. चौऱ्याऐंशी नंबरचा आला एकशेदहा. पुन्हा लावला तर एकशेबारा. रिपोर्ट त्याच संध्याकाळी द्यायचा होता.

मॅडम म्हणाल्या, "कारण लिहून दे. पाकीट उघडू, त्या बाईला बोलावून घेऊ."

म्हणजे अर्ज, सह्या, आणखी तीन दिवस. माझं डोकंच फिरलं. "एका बाईपायी सगळं घोडं अडवायचं का, मॅडम? नळीच खराब असणार."

"खात्री आहे?"

"आहे."

वहीत लिहिलं, 'अपवाद. वगळला.' खाली सही ठोकली. एकशेएकोणीस जणींवर काम भागलं आणि मी वेळेवर घरी गेले.

आठ महिन्यांनी ताईचं पोट फुगायला लागलं. आधी आम्ही गॅसेसवर ढकललं. मग हॉस्पिटलमधून तिच्या रक्ताची नळी आमच्याच लॅबमध्ये आली, त्याच तपासणीसाठी. आकडा दोन हजारांच्या वर. मी मुकाट्याने अर्ज लिहिला. मॅडमनी पाकीट फोडलं, यादीवरून बोट फिरवलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. चौऱ्याऐंशीपुढे ताईचं नाव होतं. तपासणीने पहिल्याच खेपेला बरोबर सांगितलं होतं. मीच त्या तपासणीचं तोंड दाबलं.

हॉस्पिटलमध्ये ताई माझ्याशिवाय कोणाला सुई लावू द्यायची नाही. "माझी बहीण येईल, तोवर थांबा," असं नर्सला दटावायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईला कौतुकाने सांगायची, "हिच्या लॅबने एकशेवीस निरोगी बायका निवडल्या होत्या. त्यात मी होते. बघा आता."

दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा मला ते सोसवेना. शेजारीण तपासणीला गेली तेव्हा मी म्हटलं, "ताई, तू त्यांच्यात नव्हतीस. मी तुला वगळलं होतं." मग सगळं सांगितलं, 'नळीच खराब' म्हटलं होतं तेसुद्धा.

ती चादरीची दुमड नखाने दाबत बसली, कापडाची दाबते तशी. मग म्हणाली, "तेव्हा कळलं असतं तर?"

"लवकर सापडलं असतं, बहुतेक."

"आईला यातलं काही सांगू नकोस."

"आणि तू? तू मला माफ करशील?" मी विचारलं.

तेवढ्यात नर्स ट्रे घेऊन आली. मी सवयीने उठले, हातमोजे चढवले. ताईने बाही वर केली आणि हात नर्सपुढे धरला.

"आज तुम्हीच घ्या," ती म्हणाली.

नर्सला शीर सापडेना. तिला तीनदा टोचावं लागलं.