खंडेनवमीचा खिळा

आमच्या ह्यांना, म्हणजे रंगनाथरावांना, भिंतीवर वायरची पट्टी दिसलेली खपत नाही. विश्रांतवाडीतल्या आमच्या घरी विजेवरची गाडी आली तेव्हा नम्रताने, आमच्या इंजिनिअर लेकीने, चार्जरसाठी मीटरपासून वेगळी जाड वायर घ्यायला लावली, अंगणात अर्थिंगचा खड्डा करून घेतला आणि वीज जराशी कुठे गळली की लगेच तोडणारा एक स्विचही बसवला. हे बघत होते आणि अर्थातच बोलत होते. इस्त्रीच्या प्लगवर भागलं असतं, म्हणे. शेवटी एकच अट घातली, वायर भिंतीच्या आतून गेली पाहिजे. गेली. वरून रंगही दिला. महिन्याभरात आत काही आहे हेसुद्धा आम्ही दोघं विसरलो.

खंडेनवमीला आमच्याकडे मिक्सरपासून ह्यांच्या पान्यांपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. यंदा पहिला मान चार्जरचा. मी पोर्चची फरशी नुकती धुतली होती. त्या ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून हे चार्जरच्या वर झेंडूच्या माळेसाठी खिळा ठोकू लागले.

एकदम खट् आवाज आला, चार्जरचा दिवा गेला आणि ह्यांनी हातोडी टाकून हात झटकला. झिणझिण्या आल्या म्हणाले, घाव वाकडा बसला असेल. घरातला पंखा मात्र चालूच होता.

मग ते स्विच वर करायला गेले. तो वर राहीना. पुन्हा केला, पुन्हा पडला. लेकीचं खेळणं पहिल्याच सणाला मोडलं, असं मला ऐकवून ते स्विच काढून वायर थेट जोडायला पक्कड शोधू लागले.

तेवढ्यात नम्रता बाहेर आली. तिने खिळा पाहिला, मग बापाचे ओले पाय पाहिले. तिचा चेहरा पांढरा पडला. तिने आधी मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून पाहिला आणि खिळा उपसून त्यांच्या तळहातावर ठेवला. टोक काळं पडलं होतं.

"वायरमध्ये गेला होता, बाबा. वीज तुमच्यातून जमिनीत चालली होती."

"मग मी उभा कसा?"

"त्या स्विचने तोडली म्हणून."

"मला नुसत्या झिणझिण्या आल्या गं."

"तेवढ्यात तोडली. पापणी लवायच्या आत."

काडेपेटीपेक्षा जरा मोठा तो स्विच मी बघत राहिले. आयुष्यभर देवापुढे हात जोडले, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. माझ्या डोळ्यांदेखत हे गेले असते आणि माझ्या डोळ्यांदेखतच वाचले होते, आणि मी तेव्हा माळेच्या दोऱ्याची गाठ सोडवत होते.

मी ह्यांचा हात धरला. गरम होता. लेकीसमोर असा हात धरलेला ह्यांना आवडत नाही. पण त्यांनी तो सोडवून घेतला नाही.