गुड फ्रायडेची हॉकी

त्या सिस्टरांना मला एकदा विचारायचंय, बायांनो, सुट्टी द्यायला तुम्हाला दुसरे दिवस सापडत नाहीत का? माझी आयरिन बांद्र्याला त्यांच्या बोर्डिंगात शिकते. पाम संडेपासून ईस्टरपर्यंत आठवडाभर तिला घरी सोडतात, आणि नेमका तेव्हाच भाईंदरच्या मिठागरावर माणसाचा चोथा होतो. लढाई चालू आहे, मीठ न्यायला रेल्वेच्या वॅगनी येतच असतात, आणि मी पडलो मुकादम. अंधारात आमच्या तारोडी गावाहून सायकल काढायची, दिवसभर गोणी भरणाऱ्यांवर ओरडायचं आणि परत यायचं ते डोळ्यांत मीठ, गळ्यात मीठ, चड्डीत मीठ.

आता हॉकीचं. लग्नाआधी मी बांद्र्यात एका क्लबातून लेफ्ट हाफ खेळायचो, डाव्या बाजूनं येणाऱ्याला अडवणारा. बढाई मारत नाही, पण माझ्या बाजूनं येणारा फॉरवर्ड बहुतेक बॉल माझ्याकडंच सोडून पुढं जायचा. हे मी आयरिनला इतक्यांदा सांगितलं की पोरीला हॉकीचं वेडच लागलं. ती शाळेत फॉरवर्ड खेळते. पळते झकास, पण समोर कुणी आडवं आलं की गांगरते आणि बॉल घालवते. ईस्टरनंतर लगेच शाळेची टीम निवडणार होते.

"पप्पा, तू मला चकवायला शिकव," ती म्हणाली. "तुला चकवलं की मी कुणालाबी चकवीन."

"उद्या," मी म्हणालो. नाताळच्या सुट्टीतही हेच म्हणालो होतो. त्याच्या आधीच्या सुट्टीतही.

सोमवारी घरी आलो तर पोरगी स्टिक घेऊन दारात उभी. जरा चहा घेतो म्हणालो आणि कपावरच झोपलो. मंगळवारी बूट काढता काढता डोळा लागला. बुधवारी तर माझी बायको सेलीन सांगते की मी तोंडात घास धरून घोरत होतो. गुरुवारी मात्र ठरवूनच आलो, मेलो तरी चालेल, आज खेळायचं. दारात कुणी नव्हतं. आयरिन आत आईबरोबर सुके बोंबील निवडत बसली होती.

"पप्पा, हात धू. जेवून घे," ती म्हणाली. पाहुण्याला म्हणावं तसं.

"स्टिक कुठाय?"

"माळ्यावर टाकली. उगाच पायात येते."

रुसली असती, आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं. पोरगी शहाण्यासारखी बोलली. ही आता मला पुन्हा विचारणार नाही, हे मला लख्ख कळलं. आणि तेवढं कळूनही, सायबा, मी पाटावर बसल्या बसल्या झोपलोच.

राहिला होता फक्त शुक्रवार. शनिवारी परत वॅगनी, रविवारी ईस्टरचे पाहुणे आणि संध्याकाळी तिला बांद्र्याला पोचवायचं. मला सुट्टी होती, पण तो होता गुड फ्रायडे. त्या दिवशी आमच्या गावात कुणी खिळा ठोकत नाही, लाकूड फोडत नाही. काठीनं काहीही मारलं तर तो मार जेजूला, येशूला लागतो, असं लहानपणापासून ऐकत आलोय. सकाळी मी माळ्यावरून तिची आणि माझी जुनी, दोन्ही स्टिका काढल्या, तशी सेलीन कडाडली.

"आज? डोकं फिरलंय काय तुमचं?"

मी बॉल तिच्या हातात ठेवला. "हा घे. पिठाच्या डब्यात घाल आणि वर बसून राहा. आम्ही मारणार कायच न्हाय."

बोंबील सुकवायचं मैदान त्या दिवशी रिकामं होतं. बोंबील टांगायच्या दोन बांबूंमधली जागा आयरिनचा गोल ठरली.

"बॉल न्हाय तर खेळायचं काय?" ती तोंड वाकडं करून म्हणाली.

"चकवायला पाय लागतात, बॉल न्हाय. ये माझ्या अंगावर."

ती आली, बाळाला खेळवायला यावं तशी, उगाच. मी स्टिक घातली. "गेला तुझा बॉल. माझ्याकडं हाय."

"खोटं! मी उजवीकडं काढला होता!"

"उजवीकडं काढलास तर डोळे डावीकडं ठेव ना, येडे! डोळ्यांनीच सांगतेस सगळं."

मग मात्र ती चिडली आणि खरं खेळायला लागली. उपासाचं पोट, वर ऊन, आणि माझे गुडघे कुरकुरत होते. तरी आम्ही बॉल कुणाच्या पायाला लागला यावर कडकडून भांडलो. तेवढ्यात काळं लुगडं नेसून चर्चकडं निघालेली फ्लोरिन मावशी मैदानात येऊन उभी राहिली. गावाच्या प्रार्थना तीच सांगते.

"अल्फान्सो! आजच्या दिवशी? लाज न्हाय?"

"मावशी, कशाला मारलं ते दाखव. बॉल कुठं हाय?"

मावशी वाळूत शोधत राहिली. इतक्यात आयरिन मला हूल देऊन तिच्या अंगावरून सुसाट निघाली, आणि मावशीनं चटकन लुगडं वर धरून पाय बाजूला घेतला, बॉल लागू नये म्हणून! मग स्वतःच ओशाळली, क्रूसाची खूण केली आणि निघून गेली. आयरिन हसून हसून बेजार. नाताळपासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"आता शेवटचं," मी म्हणालो.

ती सरळ माझ्यावर आली. डोळे डावीकडं. मी लेफ्ट हाफ, इतकी वर्षं खेळलेला, तिच्या डावीकडं झेपावलो आणि ती उजवीकडून गेली. मी सपशेल वाळूत पडलो. पोरीनं मला खरोखर चकवलं, या आनंदानं माझे डोळे भरून आले. उठायचं म्हणून हात टेकला, आणि पुढचं मला आठवत नाही.

जागा झालो तेव्हा ऊन बांबूंच्या पलीकडं गेलं होतं. आयरिन गोलाच्या तोंडाशीच बसली होती. शेजारी वाळूवर स्टिक आडवी धरलेली, बॉल निसटू नये म्हणून धरतात तशी. माझी तर शरमेनं मान वर होईना. परत झोपलो होतो. या वेळीही.

"गोल झाला काय गं?" मी कसंबसं विचारलं.

"न्हाय मारला अजून."

"का? समोर कोणच नव्हतं."

"तू झोपला होतास ना," ती म्हणाली आणि स्टिक सावरून उभी राहिली. "झोपलेल्यावर गोल मारून काय मजा? ऊठ आता."

मी उठलो.