काठी शिरली तेवढीच जागा

अरे, ऐका तर! आमच्या कुरणात त्या दिवशी ही गर्दी, आणि मधोमध काठीबाबा. गुरांनी तुडवून तुडवून कुरण असं टणक झालेलं, की पहार आपटली तरी ठण्ण! गवताची काडी नाही. आणि बाबानं नुसती काठी टेकवली, "माते, वाट दे!" म्हणाला, तर काठी हातभर आत! लोक आडवेच झाले पायांवर.

"जमीन रुसलीय," बाबा म्हणाला. "तिला पाय हवेत. रोज गुरांसकट फेऱ्या घाला."

म्हणजे बघा हां, तुडवून मेलेल्या जमिनीला औषध काय, तर आणखी तुडवा!

माझी मावशीही निघाली. तिची एकुलती एक गाय, तांबू. पोट पार खपाटीला गेलेलं.

"मावशे, तिला उभं राहवत नाहीये गं."

"गप! शिकलीस म्हणून जमिनीला शिकवू नकोस."

बाबा रोज त्याच जागी काठी घालून दाखवायचा. एकदा गुरांच्या डॉक्टरबाई आल्या. म्हणाल्या, "बाबा, जरा एक पाऊल सरकून घाला की."

"शक्तीची परीक्षा घेतेस?"

"छे हो, काठीची घेते."

सगळे हसले. बाबाला घालावीच लागली. कडाड! दोन तुकडे. मग बाईंनी जुन्या जागी हात घातला, तर भुसभुशीत माती! चेल्यांनी आधीच खणून, भरून, वर चिखलाचा थर सारवलेला.

तेवढ्यात मागे धप्प झालं. तांबू बसली ती बसलीच. बाई धावल्या, पण काय उपयोग? मावशी तिच्या गळ्यातली दोरी सोडवत राहिली. गाठ सुटेना.

मग पाऊस झाला. सगळं पाणी वाहून गेलं. गवत कुठे उगवलं, सांगा? फक्त बाबाच्या खड्ड्यात!

"बघा, बाबा खरा होता!" कुणीतरी म्हणालंच.

"बाबा नाही, खणणं खरं," बाई म्हणाल्या. "माती मोकळी झाली, पाणी मुरलं, मुळं खाली गेली. बाकीची आपणच पायांनी बंद केलीय."

आता गुरं बाहेर ठेवून आम्ही कुरण खणतोय. मावशीही येते. परवा त्या गवतापाशी बसली, मूठभर उपटलं आणि म्हणाली, "कुणाला घालू गं?"



म्हणून सांगते, कुणी असा चमत्कार दाखवला ना, तर पाया नका पडू. आधी म्हणा, बाबा, एक पाऊल सरका. आम्ही हे पहिल्याच दिवशी म्हणायला हवं होतं.