नखाएवढी जागा

भिंगरीने आपला श्वास रोखला आणि दादाचा कापला. पडद्यावरच्या आवाजाच्या निळ्या पट्टीतून एक इवलासा तुकडा गळाला, दोन्ही कडा सरकत येऊन एकमेकींना भिडल्या, आणि मघाशी ‘प’पाशी ठेचकाळलेले वाक्य निमूटपणे चालू लागले. सांधा दिसू नये म्हणून तिने त्यावर दादाच्या हातांचे चित्र चढवले. पान्याने नट आवळणारे हात. मागे जाऊन तिने ते पुन्हा पाहिले. टेबलाखाली हलणारा तिचा पाय क्षणभर स्थिर झाला आणि लगेच पुन्हा हलू लागला.

भिंगरी हे नाव दादानेच ठेवलेले. तिला एका जागी स्वस्थ बसलेले कुणी पाहिले नव्हते. जेवतानासुद्धा ती दोनदा उठे. चित्रीकरण शिकणे त्यामानाने तिच्या प्रकृतीला मानवले होते, कारण कॅमेरा खांद्यावर टाकून निदान धावता तरी येत असे. संकलन म्हणजे मात्र आसनसिद्धी. पडद्यासमोर बसायचे, तेच ते पाहायचे, केसाएवढे पुढे आणि केसाएवढे मागे सरकायचे. पहिल्या आठवड्यात तिने घाईघाईत एक अख्खे दृश्य पुसून टाकले होते आणि तेव्हापासून कानाला खडा लावला होता. तरी जीव मात्र जिथल्या तिथे उड्या मारीतच असे.

विद्यार्थिपटासाठी घरातल्याच एका माणसाचे काम दाखवायचे होते. दादा लिफ्ट दुरुस्त करीत असे. तो कॅमेऱ्यासमोर बसायला तयार झाला, ही गोष्ट आईलाही खरी वाटली नव्हती. लहानपणापासून त्याची जीभ शब्दाच्या उंबरठ्यावर अडे. त्याने एकच अट घातली होती, आणि ती उच्चारायलाही त्याला बराच वेळ लागला होता.

“मी अडकतो ते सगळं काढायचं. नाहीतर कुणाला दाखवायचं नाही.”

तिने वचन दिले होते. उद्या सकाळी चित्रपट सर्व वर्गापुढे लागायचा होता.

बाई केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या ते तिला कळले नाही. संकलन शिकवणाऱ्या या बाईंची चाल मांजरीची आणि जीभ कात्रीची, असे वर्गात म्हणत. त्यांनी शेवटपर्यंत पाहिले.

“सांधे चांगले जमलेत. कुठे ठेच लागत नाही.”

भिंगरीचा चेहरा फुलला.

“पण काय गं, माणूस बोलतोय तो तोंडाने ना? मग मी मघापासून हातच का बघतेय?”

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसले.

“त्याचं कामच हातांचं आहे, बाई.”

“आणि बोलतो असा? नळ सोडल्यासारखा?”

भिंगरीने माऊस उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

“मूळचं लाव,” बाई म्हणाल्या. “न कापलेलं.”

बाईंनी हेडफोन कानांवर चढवले आणि डोळे मिटून घेतले. दोन-तीन क्लिपा ऐकल्या. मग हेडफोन काढून ते भिंगरीच्या कानांवर ठेवले. ठेवताना तिचे केस हलकेच मागे सारले.

दादा म्हणत होता, ‘खाली लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरताना मला भीती वाटते ती क—’ आणि अगदी जवळून, त्याच्यापेक्षा मोठ्याने, एका मुलीचा आवाज आला, ‘काळोखाची.’ दादा ‘हं’ म्हणाला आणि पुढे गेला. ‘लोकांना वाटतं दोर तुटेल, पण तो त—’ ‘तुटत नाही.’ ‘हं.’ ‘मग मी वरून ब—’ ‘ब्रेक सोडतोस.’ ‘हं.’

आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, तसे झाले होते. इतके दिवस ती पडद्यावरची आवाजाची नक्षी पाहून कापीत आली होती. अडखळ दिसली की तेवढा तुकडा उचलून टाकायचा; वाक्य जुळत नसेल तर अख्खे वाक्यच. त्या तुकड्यांत आपणही होतो, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हते.

“विचारणाऱ्याने काय करायचं असतं?”

“मान हलवायची, बाई. आवाज नाही करायचा.”

“एखादी तरी क्लिप आहे का, जिथे तू नाहीस?”

होती. एकच. त्या वेळी फोकस सुटला होता आणि भिंगरी भिंगाशी झटापट करीत होती; दादा काय बोलतो आहे इकडे तिचे लक्षच नव्हते. घरच्या स्वयंपाकघरातले ते चित्र प्रारंभी धूसर होते, मग हळूहळू दादाचा चेहरा धुक्यातून वर आला.

‘एकदा एक आजी अडकल्या होत्या,’ तो सांगत होता. ‘दोन मजल्यांच्या मध्ये. मी वरून ओरडून सांगायला गेलो, की घ—’

तो थांबला. डोळे मिटले, हनुवटी ताठ झाली, गळ्याची शीर वर आली. स्वयंपाकघरात काही हलले नाही. मग शब्द आला.

‘घाबरू नका. पण तेच मला सांगता येईना. तर आतून आजी म्हणतात, सावकाश सांग रे बाळा. मी कुठे जाणार आहे?’

आणि दादा हसला. असा हसलेला दादा तिच्या कापलेल्या चित्रपटात कुठेच नव्हता.

“हे घ्यायला हवं, ना?” तिने विचारले.

“मी संकलन शिकवते,” बाई म्हणाल्या. “भाऊ तुझा आहे.”

घरी जाताना ती बसमध्ये उभीच राहिली, रिकामी जागा असूनही. लॅपटॉपची पिशवी तिने या खांद्यावरून त्या खांद्यावर किती वेळा घेतली याला गणती नव्हती. दुकानात, दवाखान्यात, फोनवर, जिथे जिथे दादाचे बोलणे अडे तिथे तिथे आई म्हणे, ‘हिला घेऊन जा रे बरोबर.’ आणि ही तुरुतुरु पुढे होऊन त्याचा शब्द पुरा करी. पोरगी भावाच्या मनातलं नेमकं ओळखते, असे पाहुणे म्हणत. तिलाही ते ऐकायला आवडे.

दादा नुकताच कामावरून आला होता. बेसिनपाशी उभा राहून तो हातांचे ग्रीस घालवीत होता. आई ओटा पुसत होती.

“झाला का सिनेमा?” आईने विचारले. “का अजून माझं घर ओलीस आहे?”

आईच्या रागाला कारण होते. चित्रीकरणाच्या दिवशी आवाजात घरघर नको म्हणून फ्रीज बंद केला होता. शेवटी, बाईंनी बजावले होते तसे, सर्वांनी चिडीचूप बसून रिकाम्या खोलीचा आवाजही टिपून घेतला होता. भिंगरीला तो एवढासा वेळही कल्पासारखा वाटला होता. मग साऱ्या गडबडीत फ्रीज पुन्हा चालू करायचे राहून गेले, आणि सकाळी दूध नासले.

“क्लिप बघतोस?” भिंगरीने दादाला विचारले.

“काढलंस ना सगळं?”

तिने कापलेला चित्रपट लावला. दादा खुर्चीच्या कडेवर बसून पाहू लागला. पडद्यावरचा दादा एका दमात बोलत होता, आणि चित्रात नुसते पाना धरलेले हात. चित्रपट संपला तेव्हा त्याने टॉवेलने पुन्हा एकदा हात पुसले, कोरडे असूनही.

“चांगला माणूस आहे,” तो म्हणाला. “ह्याला एकदा घरी बोलाव. ओळख करून दे.”

आई हसली. भिंगरीला हसता आले नाही.

“दादा, अजून एक आहे. आजींची गोष्ट. त्यात तू अडकतोस. पण मला ती घ्यायचीय.”

त्याच्या चेहऱ्यावरचे हसू गेले.

“ठरलं होतं आपलं.”

“हो. तू नाही म्हणालास तर नाही. बघ तरी.”

तिने ती क्लिप उघडली. आवाजाची नक्षी आली, आणि मग नक्षी संपून एक सपाट रेघ सुरू झाली. ती पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती. तिला अंत म्हणून दिसत नव्हता. डॉक्टरांनी उजेडापुढे धरलेल्या एक्स-रेकडे पाहावे तसा दादा त्या रेघेकडे पाहत राहिला.

“हे सगळं माझं?” त्याने हळू विचारले. “वाटलंच होतं मला.”

“नाही, नाही, थांब! मी मोठं करून ठेवलंय ते. कापताना नीट दिसावं म्हणून.”

तिने भराभर कळ दाबली. रेघ आक्रसू लागली. दोन्ही बाजूंनी दादाचे शब्द गर्दी करीत आत आले, आजी आल्या, हसणे आले, आणि त्या लांबलचक पट्टीत मधली सपाट जागा लहान होत होत अगदी एवढीशी उरली. दादाने पुढे वाकून त्या जागेवर आपली करंगळी टेकवली. जागा नखाखाली झाकली गेली.

“एवढंच?”

“एवढंच.”

“तेवढ्यात मी म्हातारा होतो, भिंगरी.”

तिने क्लिप चालवली. तो थांबला, थांबून राहिला, आणि शब्द आला. दादाने पुन्हा लावायला सांगितले. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी तो पडद्याकडे पाहतच नव्हता. खिडकीकडे तोंड करून नुसते ऐकत होता.

“बाकीच्यांत पण एवढंच आहे?”

भिंगरीने पहिली क्लिप लावली. ‘मला भीती वाटते ती क—’ ‘काळोखाची.’ ‘हं.’

दादा किंचित हसला.

“मला काळोख म्हणायचं नव्हतं.”

“काय?”

“खिशात बॅटरी असते. काळोखाला कोण घाबरतंय?”

“मग ‘हं’ कशाला म्हणालास?”

“तू एवढ्या हौसेने दिलास शब्द. चांगला होता. घेतला.”

भिंगरीचा पाय हलायचा थांबला. आईच्या हातातले फडकेही ओट्यावर थांबले होते.

“असं किती वेळा?”

दादाने खांदे उडवले.

“दुकानात मी ‘नारिंगी’ म्हणाले, तो शर्ट?” तिने विचारले.

“निळा हवा होता.”

तो नारिंगी शर्ट त्याने कॉलर विरेपर्यंत वापरला होता. भिंगरीने लॅपटॉपच्या कडेवरची नसलेली धूळ बोटाने पुसली.

“कापायचंच असेल ना,” दादा म्हणाला, “तर तु—”

शब्द तिच्या जिभेवर आला होता. तिने खालचा ओठ दातांखाली धरला.

“तुझा आवाज काप.”

तिने कापला. एकेक करून सगळीकडून काढला. काळोख गेला, ब्रेक गेला, न तुटणारा दोर गेला. जिथे तिचा आवाज होता तिथे आता नुसती पोकळी वाजू लागली, तेव्हा तिला त्या दिवशी टिपलेल्या रिकाम्या खोलीची आठवण झाली. तो आवाज तिने त्या जागांमध्ये अंथरला. पडद्यावर आता दादा ‘क—’ म्हणून थांबत होता, स्वयंपाकघर त्याच्यासाठी थांबत होते, आणि मग तो, कुणी काही म्हटलेले नसताना, ‘हं’ म्हणत होता.

“भोक पडलं की गं,” आई मागून म्हणाली. तिला राहवले नव्हते.

“इथे शब्द हवा,” भिंगरी म्हणाली. “त्याचा. दादा, उद्या दाखवू का मी हे? खरं सांग. नाहीतर पहिलं आहेच.”

दादा उठला, भिंतीपाशी गेला, आणि वाकून त्याने फ्रीजचे बटण बंद केले. इतका वेळ कुणाच्या लक्षातही नसलेली घरघर एकदम थांबली आणि खोली मोठी झाली.

“परत?” आई म्हणाली. “थांबा, दूध आधी बाहेर काढू दे मला.” तिने पातेले काढले, ते दोन्ही हातांत धरून बाहेरच्या खोलीत गेली, आणि जाताना दार हळूच लोटून घेतले.

दादा त्याच खुर्चीत बसला, जिथे त्या दिवशी बसला होता. भिंगरीने माईक त्याच्यापुढे ठेवला, हेडफोन चढवले आणि कळ दाबली. लाल दिवा लागला. आवाज मोजणारा काटा तळाशी निजून होता.

“मला भीती वाटते ती,” दादा म्हणाला, “क—”

त्याचे डोळे मिटले. हनुवटी ताठ झाली.

भिंगरीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पुढचा शब्द कोणता, हे तिला आज ठाऊक नव्हते.

काटा हलला.