बुडबुड्यांची तपासणी

नेवासा फाट्यावर जालिंदरचं गॅरेज होतं आणि डिझेल इंजिनाच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बंद पडलेलं इंजिन समोर आलं की तो नुसता हात फिरवून सांगायचा, "लाईनीत हवा शिरलीय." मग नट ढिला करायचा, फेसाळ डिझेल वाहू द्यायचा आणि स्वच्छ धार लागली की नट आवळायचा. इंजिन धडधडायला लागायचं. माणूस एका गोष्टीत एवढा बरोबर ठरला की सगळ्याच गोष्टी आपल्याला कळतात असं त्याला वाटायला लागतं. जालिंदरचं तेच झालं होतं.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. त्याच्या पाच वर्षांच्या स्नेहलला सारखा थंडी वाजून ताप यायचा, लघवीला जळजळायचं. गोळ्यांनी ताप उतरायचा आणि महिना सरतो न सरतो तोच परत चढायचा. शेवटी गावातल्या डॉक्टरांनीच नगरला, सावेडीतल्या माधुरी मॅडमकडे सोनोग्राफीला पाठवलं.

मॅडमनी पोरीच्या पोटावरून यंत्र फिरवलं आणि जालिंदरला आणि त्याची बायको विजयमाला हिला समोर बसवून सांगितलं, "लघवी पिशवीतून उलटी किडनीत चढत असावी. तसं असेल तर प्रत्येक तापागणिक किडनी खराब होत जाते. एक तपासणी करू. लघवीच्या वाटेने बारीक नळी घालायची आणि हवेचे बुडबुडे मिसळलेलं सलाईन पिशवीत सोडायचं. बुडबुडे पडद्यावर पांढरे दिसतात. वर चढले की लगेच कळतं. यात एक्स-रे नाही, म्हणून लहान मुलांना हे बरं."

"हवा?" जालिंदर खुर्चीतून उठलाच. "मॅडम, मी जलमभर हवा काडत आलोय. हवा शिरली की भलंथोरलं इंजिन गप हुतं. आन् तुमी लेकरात मुद्दाम हवा घालनार व्हय?"

"रक्तात नाही हो, लघवीच्या पिशवीत. लघवीबरोबर निघून जाते. नळीने जरा चुरचुरेल, जंतू जाऊ नयेत म्हणून औषध देऊ. पद्धत नवी आहे, हे लपवत नाही. भीती वाटत असेल तर पुण्याला हीच तपासणी एक्स-रेवर होते. पण कुठे तरी करा."

विजयमालाने त्याची बाही ओढली. "आवो, ऐका की. पिशवी येगळी, रगत येगळं."

"तू गप. इंजिन तुला कळतं का मला?"

इंजिनाचा इथे काय संबंध, हे त्याला सांगणार कोण? तिघं एसटीने घरी आली.

पुण्याचंही राहूनच गेलं. नव्या गोळ्यांनी ताप उतरला, तेवढं निमित्त त्याला पुरलं. वर हा गडी गॅरेजात चहा पिता पिता गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचा, "सावेडीची डॉक्टरीन पोरीत हवा भरत हुती. म्या हानून पाडलं!" लोक हसायचे, त्याला अजून चेव यायचा. मधूनमधून ताप येतच होता. विजयमाला विषय काढायची आणि तो म्हणायचा, "गोळ्यांनी उतरतोय न्हवं?"

दोन वर्षांनी उतरला नाही. पोरगी ग्लानीत गेली, तिला नगरला दवाखान्यात ठेवावं लागलं. माधुरी मॅडमनी पुन्हा सोनोग्राफी केली. डावी किडनी आक्रसून गेली होती. "ही आता सुधारायची नाही," त्या म्हणाल्या. "उजवी चांगली दिसतेय. तिच्यातही लघवी चढते का, ते बघायला हवं."

"मॅडम," जालिंदर खाली मान घालून म्हणाला, "ती बुडबुड्याची तपासनी... करता का?"

बैल गेला आणि झोपा केला! पण मॅडम तसं काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या, चार शिव्या हासडल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

ताप गेल्यावर तपासणी झाली. नळी घालताना स्नेहल रडली, विजयमालाने तिला धरून ठेवलं. मग मॅडमनी हळूहळू सलाईन सोडलं आणि पिशवी पांढरीशुभ्र झाली. बुडबुडे डावीकडून वर चढले, थेट त्या आक्रसलेल्या किडनीत. उजवीकडे काळोख तसाच राहिला.

"उजवीत नाही चढलं," मॅडम म्हणाल्या. "ही सांभाळू आपण."

जालिंदरने हात जोडले, पण त्याची नजर डावीकडेच होती. दोन वर्षांपूर्वी ही वाट दिसली असती तर रोजचं औषध चालू झालं असतं, वेळ पडली तर ऑपरेशन झालं असतं. डावीही कदाचित वाचली असती. ती त्याने आपल्या हाताने घालवली होती.

स्नेहलने भांड्यात लघवी केली. मॅडमनी परत यंत्र लावलं. पांढरं कुठेच दिसेना. गॅरेजात बापाला नट-बोल्टचे पाने काढून देणारी ती पोर, डोळे पुसायचे विसरून पडद्याकडे बघत राहिली.

"आन्ना," ती म्हणाली, "हवा गेली बी! नट सुदिक ढिला करावा लागला न्हाई."

"व्हय गं माजे बाय," जालिंदर म्हणाला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, ढसाढसा रडायला लागला. विजयमालाने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती पोरीला फ्रॉक घालत होती.