माझं जड पातं आणि शेजारचा नवरदेव

मित्रांनो, मी एक जुना ब्लोअर आहे आणि शेजारच्या मशीनवर मी मनापासून जळतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ते तुमच्या लक्षात येणारच आहे.

हवा फेकणं हे आमच्या घराण्याचं काम. कारखान्यातून निघालेली माझी भावंडं चांगल्या ठिकाणी लागली. माझं मात्र एक पातं बाकीच्यांपेक्षा जड निघालं. फिरायला लागलो की मी थरथरायचो. गिऱ्हाइकाने मला परत पाठवलं. परत आलेल्या मालात काहीतरी शोधत एक बाई आल्या. इंजिनिअरांना मशीनची थरथर आणि आवाज मोजायला शिकवणं हे त्यांचं काम. त्यांनी मला चालू केलं, अंगावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "अगं बाई! किती छान बिघडलाय हा!"

असं कौतुक माझ्या धडधाकट भावंडांच्या वाट्याला कधी आलं नाही.

बाईंच्या हॉलमध्ये एका जाड लोखंडी प्लेटवर मला मधोमध बसवलं. इंजिनिअर यायचे, मेण लावून माझ्या अंगाला सेन्सर चिकटवायचे आणि पडद्यावरच्या रेघेत माझ्या दुखण्याचा सुळका उमटला की खूश व्हायचे. आजारपणावर वाहवा मिळवणारा घराण्यात मी पहिलाच.

मग शिकवायचं ते नवं मशीन आलं. निळं, चकचकीत, पोटावर बटणांची रांग. एक बटण दाबलं की त्याचा तोल जातो, दुसरं दाबलं की त्याचं बेअरिंग कुरकुरतं, तिसरं दाबलं की साहेब ठणठणीत! मी जन्मभर एकच दुखणं इमानाने सांभाळलं, आणि याला आजार बटणावर.

स्टोअर सांभाळणारे मामा त्याला नवरदेव म्हणू लागले. "नवरदेव आलेत, सरक बाबा," म्हणत त्यांनी मला प्लेटच्या कडेला ढकललं. आता माझं काम मंडळींना वारा घालणं. नवरदेवाला संध्याकाळी मऊ कापडाची खोळ, आणि माझ्या डोक्यावर चहाचे कप. कप थरथरत कडेपर्यंत चालत जायचे आणि उडी मारायचे. बोल मात्र मला लागायचा.

"बाई, हा भंगारात देऊन टाकू?" मामांनी एकदा विचारलंच.

"एवढी बॅच होऊ दे. मग द्या."

मी ऐकलं. नवरदेवानेही ऐकलं असावं. तो जरा जास्तच चमकला.

बॅचच्या शेवटच्या दिवशी बाईंनी त्याचं ठणठणीतवालं बटण दाबायला सांगितलं. मी कडेला वारा घालत होतो आणि जळत होतो. पडद्यावर सपाट रेघ यायला हवी होती. आला उंच सुळका.

"बाई, नवीन मशीन आजारी आहे," लंबू इंजिनिअर म्हणाला.

"तूच सेन्सर वाकडा चिकटवला असशील," चष्मेवाली म्हणाली. "सरक."

तिने नवं मेण लावलं. सुळका तिथेच. वायर बदलली, बोल्ट आवळले. सुळका तिथेच.

"मशीन बंद करून बघितलंत?" बाईंनी विचारलं.

कुणीच बघितलं नव्हतं. नवरदेव बंद केला. सुळका तिथेच!

"बंद मशीन थरथरतंय?" लंबू दोन पावलं मागे गेला. "बाई, याला बाहेरचं काहीतरी लागलंय."

"बरोबर बोललास. आता थोडं उकडेल," असं म्हणून बाईंनी माझा स्विच बंद केला.

सुळका गेला. सगळा हॉल माझ्याकडे वळून बघायला लागला. माझी थरथर प्लेटमधून थेट नवरदेवाच्या पायात जात होती. मत्सराने थरथरतोय असं मला वाटत होतं. बाई म्हणाल्या, जड पातं.

"मोजायच्या आधी शेजारी कोण आहे ते बघायचं," बाई सगळ्यांना म्हणाल्या. मग मामांकडे वळल्या. "भंगाराचं राहू द्या. पुढच्या बॅचचा पहिला धडा हाच."

तेव्हापासून मला बंद केल्याशिवाय नवरदेवाला स्वतःची तब्येत सिद्ध करता येत नाही. तरी खोळ त्यालाच मिळते. मी अजून जळतो.

मित्रांनो, मशीनची काळजी घ्या. तेल घाला, धूळ पुसा, वेळेवर दुरुस्ती करा. फक्त माझी करू नका. परवा एक दयाळू इंजिनिअर पाना घेऊन माझ्याजवळ आला. "बिचारं किती थरथरतंय," म्हणत तो माझं पातं काढणार, तोच मामा धावत आले आणि त्यांनी त्याचा हात धरला.

"अहो साहेब, बरा केलात तर कामावरून जाईल ना तो!"