बायडाबाईची मूठ

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, हा तर जुन्या काळचा पेला. पण नाही, मी एक जुने पितळी मापटे आहे. पूर्वी धान्य माझ्यासारख्या मापांनी मोजत. दोन मापटी भरली की एक शेर होई. कोल्हापूरजवळच्या उचगावात एक लहानसे चर्च आहे. तिथल्या कपाटात मी राहते.

एका तांबटाने मला ठोकून घडवले आणि ज्ञानू नावाच्या शेतकऱ्याने विकत घेतले. तो राधानगरीकडचा. एका वर्षी पाय मोडून तो घरी पडला, तेव्हा या चर्चच्या लोकांनी त्याच्या घरी तांदूळ पोचवला होता. पाय बरा झाल्यावर पहिल्या सुगीचा तांदूळ माझ्यात भरून तो आला आणि चर्चच्या धर्मगुरूंना, आमच्या पाळकसाहेबांना, म्हणाला, "हे माप हितंच ऱ्हाऊ दे. माझ्यागत कोण पडला, तर हेच्यानंच मोजून द्या."

आमच्या चर्चची एक रीत होती. घरातली बाई भाताला तांदूळ घेताना त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. रविवारी सगळे डबे चर्चच्या दाराशी ठेवलेल्या पिंपात रिकामे व्हायचे. उपासना संपली की मी कामाला लागे. ज्याच्या घरी अडचण असेल, त्याच्या पिशवीत मी रिकामे होई. पिशवी कोणाची, हे कोणी विचारत नसे.

त्या पिशव्यांमध्ये एक निळी पिशवी होती. ती बायडाबाईची. ती एकटी राहायची आणि चर्च झाडायची. दर रविवारी ती चार मापटी तांदूळ न्यायची. गंमत अशी, की त्याच तांदळातून ती रोज एक मूठ बाजूला काढायची आणि पुढच्या रविवारी परत आणायची.

दर रविवारी डबा आणणाऱ्या अंबूबाई तिला चिडवायच्या, "बायडाबाई, आमचंच आमाला आणून देतीस व्हय ग?"

"तुमचं कुठलं? देवाचं हाय. मी आपली मधली हमाल!" असे म्हणून ती खळखळून हसायची.

मित्रांनो, ते माझे खरे सुखाचे दिवस होते. तेव्हा मात्र मला ते कळले नाही.

आमच्यातल्या धैर्यशीलचा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत छोटा कारखाना होता. काम मिळत नव्हते. एका रविवारी त्याने मला शिगेपर्यंत, म्हणजे काठावर ढीग येईपर्यंत, भरून प्रार्थना केली. पुढच्याच आठवड्यात त्याला मोठे काम मिळाले. तो उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगायला, उभा राहिला. डोळ्यांत पाणी होते. तो खोटे बोलत नव्हता. पण तो म्हणाला, "मी माप शिगेला भरलं, म्हणून देवानं माझी झोळी भरली. तुम्ही पण भरून बघा की!"

शास्त्रात, म्हणजे बायबलात, मापाविषयी एक वचन आहे: ज्या मापाने तुम्ही द्याल, त्याच मापाने तुम्हाला परत मिळेल. दुसऱ्यावर दया करा, सढळ हाताने द्या, असे ते शिकवते. धैर्यशीलने त्याचा जणू सौदाच करून टाकला. पाळकसाहेब काहीतरी बोलायला उठले, पण टाळ्या वाजत होत्या. ते पुन्हा खाली बसले.

मग मला चिंचेने घासून लखलखीत केले, लाल फीत बांधली आणि पुढच्या मेजावर बसवले. रांग लागू लागली. कोणाला नोकरी हवी होती, कोणाला फ्लॅट, कोणाला परदेशचा व्हिसा. माझ्यात तांदूळ भरायचा, इच्छा सांगायची आणि तोच तांदूळ आशीर्वाद म्हणून पुडीत बांधून घरी न्यायचा, अशी नवी रीत पडली. पिंपात आता तळ दिसू लागला आणि ते दाराशून मागे कुठेतरी सरकवले गेले. खरे सांगते, मला गर्व झाला होता. लोक मला हात लावून डोळ्यांना लावत. निळी पिशवी रिकामी परत जाते आहे, हे मी मेजावरून पाहिले आणि तरी चमकत राहिले.

एकदा बायडाबाई त्या रांगेत आली. तिच्या डब्यातल्या तांदळाने मी अर्धेसुद्धा भरले नाही.

"मावशी, शीग येऊ दे," धैर्यशील प्रेमानेच म्हणाला. "विश्वास पुरा पायजे. काय मागायचंय तुमाला?"

"मागाय न्हाय आलो बाबा. मूठ द्यायला आलोय. पिंप कुठं ठेवलंय?"

मागून कोणीतरी हसले. अंबूबाई हळूच शेजारणीला म्हणाल्या, "एवढी वर्सं सेवा केली, तरी हिचं काय भलं झालं न्हाय. विश्वासातच खोट असणार." आवाज हळू होता, पण बायडाबाईला तो ऐकू गेला. तिने तांदूळ पुन्हा डब्यात ओतला. जाताना दाराशी पडलेला कचरा तिने सवयीने उचलला. त्यानंतर ती आली नाही. तिच्या घरी जाऊन पाहावे, असे कोणालाही वाटले नाही.

काही आठवड्यांनी, ऐन उपासनेत, एक बाई दारात उभी राहिली. ती बायडाबाईची शेजारीण. सगळी गल्ली तिला आक्का म्हणते. ती चर्चला येणारी नव्हे. तिच्या हातात बायडाबाईची निळी पिशवी होती आणि पिशवीत तिचा तांदळाचा डबा.

"तुमची बायडा गेली," आक्का म्हणाली. "मी रोज भाकरी देत हुतो तिला. लेकीच्या बाळंतपणाला आठ दिस गेलतो. आलो तर ही तापानं पडलेली, चूल थंड. दवाखान्यात न्हेलं, पर उशीर झालता. घरात ह्यो एवढाच तांदूळ. म्हटलं, बाई, हेच्यातला का न्हाय शिजवलास? तर म्हणती, त्यो माझा न्हवं आक्का, कुणाच्यातरी पोटाचा हाय. घ्या. पोचता करतो म्हणून शबुद दिलाय तिला."

धैर्यशीलने पुढे होऊन डबा घेतला आणि तांदूळ माझ्यात ओतला. तांदूळ आताही अर्ध्याच्या खालीच राहिला. आयुष्यात मी इतके जड कधीच झाले नव्हते. त्याने माझी लाल फीत सोडली आणि तो मेजापाशी खाली बसून रडला. अंबूबाईंनी पदर तोंडावर घेतला.

आता पिंप पुन्हा दाराशी आले आहे. तरी अजून एखादा जण हळूच विचारतो, "ते मापटं कुठाय हो? पोराची मुलाखत हाय." तेव्हा माझे पितळ आतून थंड पडते.

मित्रांनो, देवाशी बोलताना आपले दुःख जरूर सांगा. पण त्याला काही देऊन त्याच्याकडून जास्त उकळू पाहू नका. आणि कोणी गरीब दिसला, तर त्याचा विश्वास मापू नका. मी माप आहे, पण ते मलाही जमत नाही. उद्या तुमच्या घरी भात शिजेल, तेव्हा एक मूठ तांदूळ बाजूला काढा आणि तो कोणाला हवा आहे, हे स्वतः त्याच्या दारात जाऊन विचारा. मी खूप उशिरा शिकले. निळी पिशवी अजून चर्चमधल्या खिळ्याला टांगलेली आहे.